साहेब, तेवढा खण उघडा

माननीय साहेब,



तुमचे नाव मी या पत्रात लिहिणार नाही. तुमच्या कार्यालयाचे नाही, जिल्ह्याचेही नाही. शिबिर संपून गेल्यावर ज्यांच्या हाती त्याच शिबिराचे परिपत्रक पडले आहे, असे स्काऊटमास्तर आणि गाईड कॅप्टन राज्यभर आहेत. ते तुम्हाला नावाशिवायही ओळखतात. पत्र उघडे लिहायचे कारण एवढेच, की बंद पाकिटातला कागद तुमच्या टेबलावर पोहोचला की पुढे त्याचे काय होते, ते आम्हाला पुरते कळून चुकले आहे.

मागच्या थंडीतला एक कागद माझ्या फाइलीत आहे. राज्य पुरस्कार चाचणी शिबिराची सूचना. वरच्या कोपऱ्यात तुमच्या कार्यालयाचा आवक शिक्का, तारीख ९. मजकुरात नाव नोंदवण्याची शेवटची तारीख, २०. आमच्या शाळेच्या आवक वहीत त्याच कागदाची नोंद आहे २१ तारखेला. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची तीन वेगवेगळी भोके आहेत. म्हणजे तीन वेळा तो कुठल्या ना कुठल्या गठ्ठ्याला जोडला गेला, तीन वेळा कोणीतरी तो सोडवून हातात घेतला, वाचला आणि परत ठेवून दिला. आमची शाळा तुमच्या कार्यालयापासून एसटीने पाऊण तासावर आहे. एवढे अंतर कापायला त्याला बारा दिवस लागले.

साहेब दौऱ्यावर होते, लेखनिक रजेवर होता, झेरॉक्स मशीन बंद होते. ही तिन्ही उत्तरे आम्हाला पाठ आहेत, तेव्हा ती पुन्हा देण्याचे कष्ट घेऊ नका. खिशातला फोन काढून त्या कागदाचा फोटो जिल्ह्यातल्या युनिट लीडरांच्या ग्रुपवर टाकायला दौरा आडवा येत नाही आणि रजाही आडवी येत नाही. त्याच ग्रुपवर तुमचे ‘सुप्रभात’ रोज सकाळी सहाच्या आत येते, गुलाबाच्या फुलासकट. एक दिवस चुकत नाही.

त्या कागदाने कोणाचे काय गेले, ते सांगते. आमच्या पथकात दहावीतली एक मुलगी होती. पाचवीपासून पथकात. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, सगळे ओळीने पार केलेले. तिची नोंदवही मी अजून नव्या मुलींना दाखवते. गाठींच्या पानावर इतर मुली चित्रे काढतात. हिने सुतळीच्या खऱ्या गाठी बांधून सुईदोऱ्याने पानावर शिवल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली ती कुठे वापरली ते लिहिले होते. बोलाईन: आजोळच्या विहिरीत पडलेली कळशी काढताना. क्लोव्ह हिच: मावशीच्या लग्नात मांडवाचे बांबू बांधताना. शीट बेंड: जाड दोरीला बारीक दोरी जोडून गोठ्यातली वासरे बांधताना. तिला परीक्षेची भीती नव्हती. तिला फक्त तारीख कळायला हवी होती. तारीख कळली तेव्हा नोंदणी बंद झाली होती. जूनमध्ये ती दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली, तिथे पथक नाही. राज्य पुरस्काराची पायरी चुकली की पुढची राष्ट्रपती पुरस्काराची पायरी गाठताच येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. नियमांचे पुस्तक तुमच्याच कपाटात आहे. ती मुलगी मला काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी मात्र विचारले, “बाई, तुम्हाला आधी कळले नव्हते का?” या प्रश्नाचे उत्तर मी तुमच्याकडून मागते आहे.

तुमचे टपाल मुळातच हळू चालते, असेही म्हणता येत नाही. कोणी पाहुणे येणार असले की तुमचा निरोप वाऱ्याच्या वेगाने येतो. रात्री साडेदहाला फोन, पाठोपाठ मेसेज, पाठोपाठ मुख्याध्यापकांना वेगळा फोन: उद्या सकाळी साडेसातला तीस मुले-मुली पूर्ण गणवेशात, स्कार्फ इस्त्रीचे, मैदानावर हजर ठेवावीत. आम्ही ठेवतो. मुले उपाशीपोटी दोन तास उन्हात उभी राहतात, पाहुणे साडेनऊला येतात, दोन्ही बाजूंच्या रांगांमधून चालत जातात, फोटो निघतो. त्या फोटोत तुम्ही असता. मुले कोणाची तरी शोभा वाढवणार असली की सूचना रातोरात पोहोचते, आणि मुलांच्या पदरात काही पडणार असले की तीच सूचना तुमच्या खणात अडकते. म्हणून मी याला दिरंगाई म्हणत नाही. दिरंगाई सगळ्या कागदांना सारखी लागली असती.

मग हे का होते? मला वाटते, माहिती विचारायला माणसे दाराशी आली की खुर्चीला वजन येते. “साहेब, काही आले आहे का?” असे विचारत एखादा लीडर शाळा सुटल्यावर तुमच्या कार्यालयात येतो, बाकावर बसतो, वाट पाहतो. तो तुम्हाला आवडतो. जो येत नाही, ज्याला यायला जमत नाही, जिची शेवटची गाडी साडेपाचला आहे, तिच्या पथकाला काही कळत नाही. दरवर्षी त्याच चार शाळा शिबिराला दिसतात, हा योगायोग आहे असे तुम्ही म्हणालात तर मला ते पटणार नाही.

तुम्ही ज्या चळवळीच्या नावाचा फलक दाराबाहेर लावला आहे, ती वाढली कशी, ते एकदा आठवून पाहा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन शिबिर केले. तेवढ्याने चळवळ झाली नसती. १९०८ च्या जानेवारीपासून त्यांनी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ दर पंधरवड्याला एक असे सहा भागांत, मुलांना परवडेल अशा किमतीत छापले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘द स्काउट’ हे साप्ताहिक निघाले. मुलांनी ते वाचले आणि कोणाच्या परवानगीची वाट न पाहता गल्लोगल्ली आपापले संघ बांधले. १९०९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मोठा मेळावा भरला, तेव्हा तिथे मुलीसुद्धा गणवेशात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांच्या हाती तोच छापील मजकूर पोहोचला होता, म्हणून त्या आल्या, आणि त्या आल्या म्हणून पुढच्या वर्षी गर्ल गाईड्सची स्वतंत्र संघटना उभी राहिली. आज मी गाईड कॅप्टन आहे ती त्या मुलींमुळे. त्या मेळाव्याची खबर जर तुमच्यासारख्या कोणाच्या खणातून जायची असती, तर त्या मुली घरीच बसल्या असत्या.

आपल्याकडे तर हे दार सरळ बंदच होते. १९०९ मध्ये बंगळूरला स्काऊटिंग सुरू झाले ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. १९११ मध्ये जबलपूरला गाईडिंग आले तेही अशाच घरांतल्या मुलींपुरते. भारतीय मुलांना स्काऊट होता यावे म्हणून ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांना वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. मध्य प्रांतात नागपूरच्या विव्हियन बोस यांनी हेच काम केले. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. स्वातंत्र्यानंतर या वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली. एवढ्या लोकांनी एवढी वर्षे खपून जे दार उघडले, ते तुम्ही एका टाचणीने बंद करता.

आता उशिरा कळण्याचा भार कोणावर पडतो तेही ऐका. चार दिवस आधी सूचना आली, तर शहरातला, खाऊन-पिऊन सुखी घरातला मुलगा जाऊ शकतो. त्याचा गणवेश तयार असतो, वडील ऑनलाइन पैसे भरतात, सकाळी गाडीने सोडून येतात. ज्या घरात शिबिराची फी, कापड, शिलाई आणि प्रवास यांसाठी उचल घ्यावी लागते, त्या घराला महिना लागतो. मुलींचे आणखी अवघड. मुलींना पाठवायचे तर आधी आईला पटवावे लागते, मग आईने वडिलांना, मग आजीला. बरोबर गाईड कॅप्टन हवी, तिला स्वतःच्या घरची व्यवस्था लावावी लागते, शाळेचा कार्यमुक्तीचा आदेश काढावा लागतो. हे सगळे चार दिवसांत होत नाही, म्हणून मुली जात नाहीत. आणि मग वार्षिक अहवालात तुम्ही लिहिता, ‘मुलींचा प्रतिसाद अल्प’. साहेब, तो शब्द खोडा. मुलींनी प्रतिसाद द्यायचा कशाला, तेच त्यांना कळवले गेले नव्हते.

जांबोरीचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय जांबोरी काही दरवर्षी येणारी गणेशोत्सवाची वर्गणी नाही. २०१६ च्या डिसेंबरअखेर म्हैसूरला झाली, त्यानंतरची १८ वी राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या रोहटला, ४ ते १० जानेवारी २०२३ ला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उद्घाटनाला आल्या होत्या. मध्ये सहा वर्षे गेली. म्हैसूरच्या वेळी दहा वर्षांचा असलेला स्काऊट रोहटच्या वेळी सोळा वर्षांचा झाला होता. एका मुलाच्या पथकातल्या वर्षांत अशी संधी एकदा येते, फार तर दोनदा. देशभरातून आलेल्या पोरांच्या तंबूंमध्ये आठवडा काढायचा, मणिपूरच्या मुलाकडून नवी लॅशिंग शिकायची, केरळच्या मुलीला पिठले-भाकरी करून घालायची, यासाठी शाळेत एकही तास नसतो. ती सूचना जेव्हा कोणी दाबून ठेवतो, तेव्हा मुलाला ‘पुढच्या वेळी जा’ असे सांगायचीही सोय नसते.

लीडरांना तर तुम्ही गृहीतच धरले आहे. आम्हाला यासाठी कोणी पगार देत नाही. आमच्यातले बहुतेक शिक्षक आहेत. वर्ग, पोषण आहार, मतदार याद्या, ऑनलाइन माहित्या भरणे हे सगळे उरकून शनिवारी दुपारी पथक घेतात. शिट्टी, दोर, प्रथमोपचार पेटीतला कापूस, हाइकला जाताना एखाद्या मुलाचे तिकीट, हे आपल्या खिशातून जाते आणि त्याची तक्रार कोणी करत नाही. तक्रार आहे ती प्रशिक्षणाची. सात दिवसांचा बेसिक कोर्स झाल्याशिवाय कोणीही मुलांना घेऊन रानात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तंबू कुठे ठोकायचा, पाणी कसे तपासायचे, संघनायकांवर काय सोपवायचे आणि काय कधीही सोपवायचे नाही, हे तिथे शिकवतात. मे महिन्यातल्या कोर्सचे पत्र शाळेला सुट्टी लागल्यावर येते, तेव्हा मुख्याध्यापक गावी गेलेले असतात आणि आदेशावर सही करायला कोणी नसते. त्या लीडरचे वर्ष जाते. तो विनाप्रशिक्षण आणखी एक वर्ष पोरे घेऊन डोंगर चढतो. त्या डोंगरावर काही झाले तर चौकशीत तुमचे नाव येणार नाही, त्याचे येईल.

शाळेबाहेरची खुली पथके चालवणारे तर तुमच्या हिशेबातच नाहीत. आमच्या तालुक्यात बँकेत नोकरी करणारा एक गृहस्थ रविवारी सकाळी देवळामागच्या पटांगणात वस्तीतल्या मुलांचे पथक घेतो. त्याला शाळा नाही, म्हणजे आवक वही नाही, म्हणजे तुमचा कागद जाणार कुठे? तो दर महिन्याला मला फोन करून विचारतो, “ताई, काही नवीन?” मी कळले तेवढे सांगते.

तुमचे काम तुम्ही करत नाही, म्हणून त्यातले जेवढे मला करता येईल तेवढे इथेच करते. हे वाचणाऱ्या प्रत्येक लीडरने आपल्या डायरीत लिहून घ्यावे. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी साहेबांच्या पत्राची वाट पाहायची गरज नाही.

जून-जुलैत पथकाची नोंदणी आणि नूतनीकरण उरका. नोंदणी राहिली तर पुढची एकही चाचणी ग्राह्य धरली जात नाही, आणि हे मुलांना डिसेंबरात कळते. १ ऑगस्ट हा जागतिक स्कार्फ दिन. ब्राउनसीचे शिबिर याच तारखेला सुरू झाले होते. त्या दिवशी मुलांनी आणि जुन्या स्काऊटांनीही दिवसभर स्कार्फ घालून वावरायचे असते. त्याला खर्च नाही आणि परवानगीही लागत नाही. गावातल्या दुकानदाराच्या गळ्यात तीस वर्षांपूर्वीचा स्कार्फ दिसला की नव्या पोरांना जे वाटते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जोटा-जोटी असते, रेडिओवर आणि इंटरनेटवर जगभरचे स्काऊट एकमेकांशी बोलतात. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली त्या दोन दिवसांसाठी आधीच मागून ठेवा आणि मुले बोलत असताना शेजारी बसा.

७ नोव्हेंबर हा स्थापना दिन आणि ध्वजदिन. आपल्याकडे तो पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा सुट्टीच्या आगेमागे येतो, म्हणून ध्वजाचे स्टिकर आणि निधीचे नियोजन सहामाही परीक्षेआधी करा. सुट्टीनंतर उरलेले स्टिकर लीडरच्या पगारातून वळते होतात, हे ज्यांच्या बाबतीत झाले आहे त्यांना मी वेगळे सांगत नाही. खरी कमाईचा दिवस डिसेंबरात ठेवलात तर बरे. मुले भेळ विकतात, सायकली पुसून देतात, आणि स्वतः मिळवलेल्या पैशांची वही स्वतः लिहितात. त्या दिवशी पालकांना जरूर बोलवा. शिबिराची परवानगी त्या दिवशी अर्धी मिळून जाते. राज्य पुरस्काराच्या चाचण्या बहुधा थंडीत होतात, तेव्हा तृतीय सोपान झालेल्या मुलांची कागदपत्रे गणपतीपूर्वीच तयार ठेवा. जन्मतारखेचा दाखला आणि सोपानांच्या नोंदी यांतच सगळ्यांचे अडते.

२२ फेब्रुवारी हा चिंतन दिन. बेडन-पॉवेल आणि लेडी ओलेव्ह, दोघांचाही जन्मदिवस. १९२६ पासून जगभरच्या गाईड तो पाळतात. त्या दिवशी भाषणे कमी करा आणि मुलींना पुण्याच्या ‘संगम’बद्दल सांगा. जागतिक गाईड संघटनेची मोजकीच केंद्रे जगात आहेत आणि त्यांतले एक १६ ऑक्टोबर १९६६ पासून पुण्यात आळंदी रस्त्याला उभे आहे. परदेशातल्या मुली वर्षभर पैसे साठवून तिथे येतात. आपल्या जिल्ह्यांतल्या किती गाईडांना त्याचे नाव तरी माहीत आहे? उन्हाळ्याच्या सुट्टीत बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स असतात. मार्चमध्येच अर्ज लिहून मुख्याध्यापकांची सही घेऊन ठेवा, तारीख नंतर भरा. विदर्भातल्या लीडरांसाठी एक सूचना: राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, आणि नागपूरहून पचमढी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. तिथले कार्यक्रम आम्हा साध्या लीडरांसाठीही असतात. हे कोणी सांगितले नसेल, म्हणून सांगते.

साहेब, हे सगळे लिहायला मला एक रविवार पुरला. तुमच्याकडे आख्खे कार्यालय आहे.

आता आमचे काय ठरले आहे ते ऐका. तालुक्यातल्या लीडरांनी आपला वेगळा ग्रुप केला आहे. त्यात सुप्रभात टाकायला बंदी आहे. ज्याच्या हाती कोणतीही सूचना आधी लागेल, त्याने ती त्याच तासात सगळ्यांना पाठवायची, स्वतःच्या पथकाची नावे भरायच्या आधी. देवळामागच्या पथकाचे गृहस्थही त्यात आहेत. शेजारच्या दोन तालुक्यांतल्या लीडरांनीही विचारणा केली आहे.

दुसरे म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो तयार आहे. त्यात फक्त तीन गोष्टी मागितल्या आहेत: गेल्या तीन वर्षांत स्काऊट-गाईड विषयाची किती परिपत्रके तुमच्या कार्यालयात आली, प्रत्येकाची आवक तारीख कोणती, आणि ते शाळांना रवाना केल्याची जावक तारीख कोणती. दोन तारखा शेजारी-शेजारी लिहायच्या आहेत, अभिप्राय नको. अर्ज सोमवारी देणार आहोत. कायद्याने तुमच्याकडे तीस दिवस आहेत. तोवर यंदाच्या चाचणी शिबिराची सूचना आली असेल, तर ती मात्र तीस दिवस ठेवू नका.

आपली,
एक गाईड कॅप्टन

प्रत: तालुक्यातील सर्व स्काऊटमास्तर, गाईड कॅप्टन, कब मास्तर व फ्लॉक लीडर यांना, माहितीसाठी व तत्काळ पुढे पाठवण्यासाठी.